उलट्या दिशेने आलेली वीज

ताईच्या हळदीला शुक्रवार निघाला, आणि शुक्रवारी आमच्या भागात देखभालीसाठी वीज बंद असायची. सांडोरला आमचं घर केळीच्या वाडीत. आमच्या डीपीवर, म्हणजे वाडीतल्या ट्रान्सफॉर्मरवर, चार घरं आणि पाण्याचे पंप एवढंच होतं. मी तेव्हा इलेक्ट्रिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होतो आणि महिनाभर वसईजवळच्या एका सबस्टेशनात प्रशिक्षणाला जात होतो. घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच. त्यामुळे मांडववाल्याने जनरेटर आणला तेव्हा बाबांनी त्याच्या माणसाला जोडू दिला नाही.

"आमचा पोरगा तेच शिकतोय," ते म्हणाले.

मी जोडला. एका वायरीचं एक टोक जनरेटरला आणि दुसरं पडवीतल्या मोठ्या सॉकेटमध्ये, म्हणजे मांडवाबरोबर घरातलेही पंखे चालणार होते. मेन स्विच बंद करावा असं मनात आलं होतं, खोटं का सांगू? पण वाटलं, बाहेर वीजच नसणार तर बंद करून काय साधणार? वीज पाचला येणार होती. वीज गेली की सॉकेटचं बटण दाबून जनरेटर सुरू कर आणि चारला बंद कर, असं चुलतभावाला बजावलं आणि सायकलवर सबस्टेशन गाठलं. हजेरी चुकवण्याची माझी हिंमत नव्हती.

तिथे ऑपरेटर काकांनी आमच्या बाजूच्या अकरा हजार व्होल्टच्या लाइनचा ब्रेकर उघडला. पॅनेलवरचा लाल दिवा जाऊन हिरवा लागला. "दिव्यावर भरवसा ठेवायचा नाही," म्हणत त्यांनी मला बाहेर यार्डात नेलं. ब्रेकर वीज तोडतो ती बंद पेटीत, तुटलेलं डोळ्यांना दिसत नाही. म्हणून त्याच्यापुढे आयसोलेटर असतो. त्याचं हँडल फिरवलं की उघड्यावरची तीन पाती बाजूला होतात आणि मधली हवा दिसते. मी तिन्ही फटी नीट पाहिल्या. काकांनी हँडलला कुलूप घातलं आणि लाइनमनच्या हाती परमिट दिलं. तो कागद परत येईपर्यंत लाइन चालू होत नाही.

लाइनमन जूचंद्रचे, पन्नाशीचे, मिठागरात वाढलेले. त्यांनी मला जीपमध्ये घेतलं. काम निघालं नेमकं आमच्या वाडीमागच्या खांबावर. एक तडकलेला इन्सुलेटर बदलायचा होता. खांबाखालून आमच्या जनरेटरची धडधड ऐकू येत होती. मला बरं वाटलं. पंखे चालू होते.

"काय इंजिनेर, मेली का लाइन?" लाइनमननी विचारलं.

"मेली काका. मी स्वतः फट पाहिली."

"तू लाइनीला पायलंस. लाइनीनं तुला पायलं का?"

हेल्पर हसला. मीही हसलो.

तरी त्यांनी जमिनीत सळई ठोकून घेतली. तिला बांधलेल्या तांब्याच्या वायरी लांब काठ्यांच्या टोकावरच्या आकड्यांपर्यंत गेल्या होत्या. हे आकडे तारांना अडकवले की तारेत काही उरलं असलं तर ते जमिनीत जातं. मला तो वेळकाढूपणा वाटला. ते खांबावर थोडे चढले आणि पहिला आकडा तारेकडे नेला.

चट् असा आवाज झाला. भर उन्हात निळी ठिणगी दिसली.

माझं डोकं चालेना. ब्रेकर उघडा, आयसोलेटर उघडा, कुलूप माझ्यासमोर घातलेलं. लाइनमननी दुसरा आकडा लावला. या वेळी ठिणगी मोठी होती, आणि त्याच क्षणी केळीमागचा जनरेटर घरघरला आणि बंद पडला.

त्या शांततेत मला सगळं कळलं. माझ्या वहीत ट्रान्सफॉर्मरच्या आकृतीतला बाण नेहमी डावीकडून उजवीकडे असायचा, अकरा हजारांकडून घराकडे. त्या आकृतीला मला पैकीच्या पैकी मार्क होते. पण ट्रान्सफॉर्मरला बाण नसतो. घराकडून दोनशे तीस व्होल्ट घातले की तो पलीकडे हजारो करून देतो. वीज जाताच स्टार्टर सुटून पंप बंद झाले होते, त्यामुळे जनरेटरवर फारसा भारही नव्हता, नाहीतर तो आधीच बंद पडला असता. चालू ठेवलेल्या मेन स्विचमधून मीच ती लाइन जिवंत केली होती. आकड्याच्या जागी त्यांचा हात असता तर.

लाइनमननी तिसरा आकडा लावला, मग खाली उतरले आणि बांधावर बसले.

"कोनाचा जनरेटर?" त्यांनी हेल्परला विचारलं.

"चार घरं हायेत. कोनाचा बी असंल."

मी गप्प राहिलो असतो तर चाललं असतं. तो क्षण मला अजून लांबलचक आठवतो.

"आमचा, काका. मीच जोडला."

त्यांनी केळीमधून दिसणाऱ्या मांडवाकडे पाहिलं. "लगीन कोनाचं?"

"ताईचं. आज हळद आहे."

"चल."

मांडवात बाबांनी आमचे चेहरे पाहिले आणि काही कळायच्या आतच म्हणाले, "त्याला बोलू नका, माझ्या सांगण्यावरून केलं त्यानं."

"दादा, त्यानं माझ्याम्होरं कबूल केलंय," लाइनमन म्हणाले. त्यांनी मेन स्विच पाडला, आतला चिनी मातीचा फ्यूज उपटून काढला. मला वाटलं, खिशात घालतील. त्यांनी तो माझ्या तळहातावर ठेवला.

"मी पुन्यांदा खांबावर जातो. खाली येईस्तवर ह्यो हातातून सोडायचा नाय."

जनरेटर पुन्हा सुरू झाला, पंखे फिरले, गाणी लागली. मी पडवीत मूठ आवळून बसलो. मावशीने हळद लावायला हात पुढे कर म्हटलं, मी डावा पुढे केला. ताई हसत आली आणि तिने उजव्या मुठीवरच हळद फासली. मी मूठ उघडली नाही.

दोन तासांनी लाइनमन वाडीतून चालत आले. त्यांना पायांवर येताना पाहिलं तेव्हा कुठे माझी बोटं सुटली. फ्यूज पिवळा झाला होता. त्यांनी तो शर्टाच्या टोकाने पुसून माझ्या हातात परत दिला, जनरेटर बंद झाल्यावरच बसव म्हणाले, आणि परमिट परत करायला निघून गेले.