पानाच्या डब्यातला ॲम्प्लिफायर

परवा फोनवर तू मला तुझ्या नव्या यंत्राबद्दल सांगत होतास. टेबलावर ठेवायचं, तळहाताएवढं, त्याला हेडफोन जोडायचा, आणि ते म्हणे आकड्यांचं गाणं करून कानात सोडतं. मागून तुझी बहीण म्हणाली, "आजीला काय कळणार त्यातलं!" आजीला कळलं. आकड्यांचा भाग सोडला तर असं एक यंत्र तुमचे बाबा जन्मायच्या आधी तुमसरला माझ्या टेबलावर होतं. त्याला काथाचा वास यायचा. तेव्हा दोघांसाठी लिहिते, आणि क्रमाने लिहिते. तुमचे आजोबा ही गोष्ट शेवटापासून सुरू करत आणि मध्येच चहा मागत, म्हणून ती तुमच्यापर्यंत कधी नीट पोचली नाही.

सत्तरच्या दशकात लग्न होऊन मी नागपूरहून तुमसरला आले. सासरी तांदळाचा व्यापार. गिरणी इतकी जवळ की पुसलेल्या टेबलावर चहा येईपर्यंत कोंड्याचा थर बसे. तुमचे आजोबा कॉलेजात फिजिक्स शिकवत. घरात मात्र त्यांची ख्याती उघडलेलं यंत्र पुन्हा बंद न करण्याबद्दल होती. पुढच्या खोलीत लहान कपाटाएवढा व्हॉल्व्हचा रेडिओ होता आणि तो सासऱ्यांचा होता. बातम्या, बाजारभाव आणि भजन ते इतक्या मोठ्याने लावत की आमच्या गल्लीत दुसऱ्या कुणी रेडिओ घेतलाच नाही.

मला इंग्रजीतली क्रिकेटची कॉमेंटरी आवडे. इंग्रजी घेऊन बी. ए. केलं होतं, आणि तुमसरला त्या पदवीचा दुसरा काही उपयोग मला सापडत नव्हता. पण मी रेडिओला हात लावला की सासूबाई विचारत, "हा गोरा काहून चिरकून राह्यला?"

मग आजोबांनी यंत्र केलं. नागपूरच्या जुन्या बाजारातून लष्करी भंगारातला हेडफोन आणला. काळा, मान अवघडेल इतका जड, आणि वायरच्या टोकाला हातात धरून बोलायचा एक माइक. रेडिओच्या पाठीतून दोन तारा काढल्या, भिंतीला भोक पाडून माझ्या टेबलापर्यंत आणल्या आणि मध्ये स्वतः जोडलेला ॲम्प्लिफायर बसवला. आवाजात घरघर येऊ नये म्हणून त्याला धातूची पेटी हवी होती. ती त्यांनी न विचारता स्वतःच्या आईकडून मिळवली. म्हणजे तिचा पितळी पानाचा डबा. माझा प्लग आत गेला की पुढच्या खोलीतला रेडिओ गप्प होई आणि सगळं क्रिकेट माझ्या एकटीच्या डोक्यात शिरे.

तेव्हा सुनेच्या डोक्यावर पदर असायचा. मी पदराखालून हेडफोन घालत असे. सासूबाई शेजारणींना सांगत, "आमच्या सुनेले शिंगं फुटले. इंग्रजी ऐकू येते तिले, मराठी ऐकू येत नाही." डब्याचा राग त्यात होताच.

त्याच दिवसांत माझ्या नणंदेला, म्हणजे तुमच्या आत्याआजीला, नागपूरला नर्सिंग शिकायला जायचं होतं. अर्ज मागवला होता, इंग्रजी माहितीपत्रक मी वाचून दाखवलं होतं. अडलं होतं ते वडिलांपाशी. आमच्या घरी मुली बापाशी समोर उभं राहून बोलत नसत, आणि सून तर मुळीच नाही. दाराच्या पडद्याआडून बोलायचं. तिने पडद्याआडून विचारलं. सासरे भिंतीकडे बघत सुपारी चघळत राहिले. तिने पुन्हा विचारलं, आणखी काही दिवसांनी परत विचारलं. भिंत, सुपारी. सासूबाईंनी निकाल दिला, "नाही म्हणाले." त्या घरात सासऱ्यांचं गप्प राहणं म्हणजे नकार, हे सगळ्यांना लग्नातल्या मंगलाष्टकांसारखं पाठ होतं. मग जवळच्या एकोडी गावचं एक स्थळ आलं, भरपूर धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, असलेलं, आणि साक्षगंधाचा, म्हणजे साखरपुड्याचा, दिवस ठरला. नणंद जेवेनाशी झाली. मला म्हणाली, "वहिनी, बाबा नाही म्हणते तरी चाललं असतं. मी भांडली असती. पण या गप्प माणसाशी भांडू कसं?"

साक्षगंधाच्या आठवड्यातच एका दुपारी मी कॉमेंटरी ऐकत होते. सासरे बाजारातून लवकर आले. रेडिओचा दिवा लागलेला, पण आवाज नाही. त्यांनी रोजच्यासारखं बटण धरलं आणि शेवटपर्यंत पिळलं.

तो सगळा आवाज माझ्या कानात फुटला. मी किंचाळून हेडफोन टेबलावर फेकला आणि पदर सावरत भिंतीला लागले. सासरे दारात येऊन उभे. टेबलावर तो काळा हेडफोन एखाद्या कोंबडीसारखा कलकलत होता. त्यांनी तो उचलला, टेलिफोनसारखा एका कानाला लावला आणि दरडावून म्हणाले, "हालो!"

मग तिथेच उभे राहिले. एक ओव्हर झाली, दुसरी झाली. इंग्रजीचं अक्षर त्यांना येत नव्हतं. मला वाटलं, आता यंत्र खिडकीबाहेर जाणार. ते हवेला म्हणाले, "हा बाप्या तं साफ बोलते! मंग आपला बातम्यावाला काहून पुटपुटते?"

मी संध्याकाळी तुमच्या आजोबांना सांगितलं, "मामाजींना ऐकू येत नाही."

"बाबा कोणाचं ऐकत नाहीत," ते म्हणाले. "ऐकू येत नाही असं नाही."

फिजिक्सचे असून प्रयोग करायला तयार होईनात, म्हणून तो सासूबाईंनी केला. सासरे सुपारी कातरत बसले होते. त्या त्यांच्या पाठीमागे जाऊन म्हणाल्या, "वो, गोदामाले आग लागली!" शेजारचे गृहस्थ बादली घेऊन धावत आले. सासऱ्यांनी सुपारीचं खांड उलटं करून पाहिलं आणि कातरायला घेतलं.

सासूबाई मटकन खाली बसल्या. "अरे बाप्पा! मंग इतके वर्षं मी भांडली कोणाशी?"

नणंदेला मात्र दुसरंच सुचलं. तिने आजोबांचा हात धरला. "दादा, तुझ्या त्या डब्यातून माणसाचं बोलणं जाते काय?"

जात होतं. माइकला वेगळी बॅटरी लावली की झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबांनी डबा पुढच्या खोलीत आणला आणि वडिलांच्या टोपीवरूनच हेडफोन चढवला. त्यांना वाटलं बाजारभाव लागणार आहेत. ते मांडी घालून बसले. नणंद माइक घेऊन पडद्याआड गेली.

"बाबा, मी बोलून राह्यली."

सासरे दचकून आढ्याकडे बघू लागले. "कोण?"

"मी, तुमची पोरगी. मले नागपूरले नर्सिंगले जायचं आहे. जाऊ द्या."

"नाही."

पडद्याआडून अशी आरोळी आली की मला वाटलं तिला शॉक बसला. ती माइकसकट बाहेर आली, बापासमोर उभी राहिली. चेहऱ्यावर दिवाळी. "नाही म्हणाले! ऐकलं न आई, नाही म्हणाले! आता सांगा बाबा, काहून नाही?"

"काहून म्हंजे? साक्षगंध ठरला. तवा काहून नाही बोलली?"

"कितीकदा बोलली! याच पडद्यातून! तुम्ही भिंतीकडे पाहून सुपारी खाऊन राह्यले होते."

सासऱ्यांनी बायकोकडे पाहिलं. सासूबाई काहीतरी बोलल्या. माइक नसल्यामुळे वाया गेलं. नणंदेने तो त्यांच्या तोंडासमोर धरला.

"मी सांगतलं तिले, तुम्ही नाही म्हणता म्हणून."

"मी कवा म्हटलं?"

"तुम्ही काहीच म्हटलं नाही! तुमचं काहीच नसते म्हणजे नाहीच असते ना!"

एवढं बोलून त्या घाईने माइकपासून लांब झाल्या. इतकी वर्षं ज्या सुखाने त्या पुटपुटत आल्या होत्या, ते सुख आता धोक्यात आहे हे त्यांच्या ध्यानात आलं असावं.

सासरे बराच वेळ गप्प. पण आता कुणीच त्याचा अर्थ लावेना. सगळे थांबून राहिले. मग ते म्हणाले, "एकोडीवाले चांगले लोक आहेत."

"असू द्या न चांगले. मी कुठं त्यायले वाईट म्हटलं?"

"किती दिवस लागते हे शिकाले?"

नणंद उत्तर देणार तेवढ्यात त्यांनी हात वर केला, खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि तिला खुणेने समोर बसवलं. हे तुम्हाला सांगायला हवं. त्या काळी व्यापारी आपसांत तोंडाने भाव बोलत नसत. दुपट्ट्याखाली हात घालून बोटं दाबायची, जेवढी बोटं तेवढा भाव, भोवतीच्यांना काही कळत नाही. कान गेले तरी सासऱ्यांचा धंदा चालू होता तो त्यामुळेच. घरातल्या मुलीसमोर हा दुपट्टा कुणी कधी पसरला नव्हता. पण एकदा नाही म्हटल्यावर तिथून खाली उतरायची दुसरी वाट त्यांना ठाऊक नव्हती.

नणंदेने माइक माझ्या हातात दिला आणि हात आत घातला. दुपट्टा हलत राहिला. सासऱ्यांनी मान उडवली, तिने ओठ मुडपले, दुपट्टा पुन्हा हलला. आम्ही तिघं बैलाच्या बाजारात उभे असल्यासारखे बघत होतो. शेवटी सासऱ्यांनी हात बाहेर काढला.

"दोन वर्षं. पक्कं. मंग आली का लग्न."

कोर्स तीन वर्षांचा होता. माहितीपत्रक मीच वाचलं होतं. मी तोंड उघडलं, नणंदेने माझ्याकडे पाहिलं, आणि मी पदर सारखा करायला घेतला. तसंही सून सासऱ्याशी बोलत नसे, आणि माइक मी तेव्हाच खाली ठेवला होता.

एकोडीला सासरे स्वतः जाऊन साक्षगंध मोडून आले. ती मंडळी दोनदा रागावून घरी आली. दोन्ही वेळा सासऱ्यांना अजिबात ऐकू येत नव्हतं. हेडफोन समोरच खुंटीला टांगलेला होता.

तिला पोचवायला आम्ही तुमसर रोड स्टेशनवर गेलो. सासूबाई घरीच रडत राहिल्या; आजोबा तिच्याबरोबर नागपूरपर्यंत चालले होते. गाडी सुटली तशी नणंद खिडकीतून वाकली आणि काहीतरी ओरडली. सासरे हसून मान हलवत राहिले, "हो, हो." गाडी पुढे गेल्यावर इकडेतिकडे बघितलं. फलाटावर आमच्या घरचं दुसरं कोणी नव्हतं. ते माझ्याकडे वळले.

"काय म्हणे थे?"

डबा घरी होता. पडदा नव्हता, मध्ये बोलायला सासूबाई नव्हत्या. मी पदर एका हाताने धरला, त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि सगळा फलाट वळून बघेल अशी ओरडले.

"मामाजी! कोर्स तीन वर्षांचा आहे, म्हणते!"

ते गाडीच्या दिशेने बघत राहिले. "दोन बोटं दाबले न तिनं."

"दाबली!" मी ओरडले. "आधी सौदा पक्का करून घेतला!"

"म्हंजे तिसरं वरून काढलं?"

"वरून काढलं!"

आम्ही बाहेर आलो, सायकल रिक्षात बसलो. तुमसरच्या रस्त्याला लागल्यावर त्यांचे खांदे हलू लागले. मला वाटलं रडताहेत, मी तोंड फिरवलं. मग त्यांनी पुढे वाकून रिक्षावाल्याच्या पाठीवर थाप मारली आणि बहिऱ्या माणसाच्या आवाजात, दोन्ही बाजूंच्या शेतांत ऐकू जाईल असं सांगितलं, "वाचले बे, एकोडीवाले वाचले!"