बाबांची पाणी घालायची वेळ

अल्टरवाल्या ताईंशी वाद घालून जिंकलेला माणूस अजून जन्माला यायचा आहे. पँटी आखूड करायच्या, चेनी बदलायच्या, दुसऱ्यांनी बिघडवलेले शर्ट माणसाच्या अंगावर नीट बसवायचे हा त्यांचा धंदा, आणि माणसालाही नीट बसवायचं हा स्वभाव. "पोट तुमचं वाढलंय, माझ्या शिलाईला नावं ठेवू नका," असं त्या तोंडावर सांगतात आणि गिऱ्हाईक मुकाट्यानं पुन्हा माप देतं. अशा बाईला हात टेकायला लावले ते घरामागच्या वीतभर बागेनं.

बाग बाबांची, म्हणजे ताईंच्या वडिलांची. बस डेपोतून निवृत्त झाल्यावर त्यांनी ती एकहाती उभी केली. कुंपणाला जास्वंद, नळाजवळ मोगरा आणि मधोमध लिंबाचं झाड. अलीकडे बाबांची आठवण उसवत चालली आहे. जेवलो की नाही ते आठवत नाही. ताईंना ते कधी आपली बहीण समजतात, कधी शेजारीण. पण झाडांच्या बाबतीत चूक नाही. चहा झाला की उठतात, नळाला पाइप लावतात आणि लिंबापाशी जाऊन उभे राहतात. तेवढा वेळ ते पूर्वीचे बाबा असतात. ताईंचा सगळा जीव त्या तेवढ्या वेळात अडकलेला.

मग मागचा रस्ता नवा झाला आणि चांगला हातभर उंच झाला. बाग वाटीसारखी खाली राहिली. पाऊस पडला की आसपासचं सगळं पाणी हक्काच्या माहेरी यावं तसं आत शिरायचं आणि जायचं नावच घ्यायचं नाही. ताईंनी कंबर कसली. चर खणला, पण चारही बाजू उंच, पाणी जाणार कुठे? पंप आणून ते रस्त्यावर फेकलं, तर फाटकाखालून गुमान परत आलं. रस्त्याच्या कचेरीत जाऊन साहेबाला फैलावर घेतलं. साहेब नम्र निघाला, हीच पंचाईत.

"ताई, तुमचं शंभर टक्के बरोबर आहे," तो म्हणाला. "पण झालेला रस्ता आता खाली कसा करणार?"

समोरचा भांडतच नसेल तर भांडायचं कोणाशी? परगावी असलेला धाकटा भाऊ फोनवर "माती टाक की" म्हणाला. "तू ये आणि टाक," म्हणून ताईंनी फोन ठेवून दिला.

शेवटी माळीकाकांना बोलावलं. त्यांनी लिंबाचं एक मूळ उकरून वास घेतला आणि तोंड वाकडं केलं. "कुजायला लागलंय. साचलेलं हटेल तेव्हा हटेल, पण वरून थेंबही घालू नका. ऊन पडलं, माती सुकली, तर वाचेलही."

थेंबही नको. हे बाबांना कोण समजावणार? तहानलेलं झाड मान टाकतं आणि पाण्यानं कुजणारंही मान टाकतं, वरून बघणाऱ्याला दोन्ही सारखंच. बाबांना दिसत होतं ते तहानलेलं झाड. घोटाभर पाण्यात उभे राहून ते त्याला पाणी घालत. पानं जितकी पिवळी पडत, तितकं जास्त घालत.

"बाबा, खाली बघा ना. तळं झालंय."

बाबा खाली बघत. "हो गं. पण याला मिळत नाहीये."

ताईंनी पाइप माळ्यावर टाकला, तर बाबांनी बादली घेतली. बादली लपवली, तर तांब्या आला. "हट्टीपणात मी कुणावर गेलेय ते आता कळलं," असं ताई शेजारणीला हसत म्हणाल्या खऱ्या, पण त्या हसण्यात काही राम नव्हता. मग एका सकाळी त्यांनी बागेच्या नळाचा कॉकच बंद केला आणि येऊन मशीनवर बसल्या.

मशीनसमोरच्या खिडकीतून सगळं दिसत होतं. बाबांनी नळ फिरवला. उलटा फिरवला. वाकून त्याच्या तोंडात बोट घालून पाहिलं. मग लिंबाकडे गेले आणि एका पानाला हात लावला, तर पान हातातच आलं. पुन्हा नळाकडे, पुन्हा झाडाकडे. ताईंच्या हाताखालच्या पँटीची शिलाई वाकडीतिकडी गेली. आजवर कुणाचा आला नसेल इतका त्यांना स्वतःचा राग आला.

चिखलाच्या पायांनी बाबा खिडकीशी आले. डोळे भरले होते.

"अहो बाई," ते अदबीनं म्हणाले, "नळाला पाणी नाही हो. झाड मरतंय माझं. माझी मुलगी घरात असती ना, तर तिनं काहीतरी केलं असतं. ती आली की एवढं सांगाल तिला?"



"सांगते," एवढंच त्या कसंबसं म्हणाल्या.

त्या उठल्या. कॉक उघडला, माळ्यावरून पाइप काढला, नळाला लावला. पाणी सुटलं. पाइप हातात घेऊन त्या लिंबापाशी गेल्या, तेव्हा चपलांसकट पाय थंडगार चिखलात रुतले. बाबा मागोमाग आले. त्यांनी पाण्याकडे पाहिलं, मग ताईंकडे पाहिलं, आणि त्यांचा सगळा चेहरा उजळला.

"अगं, तू कधी आलीस?"

"आत्ताच, बाबा."

"बरं झालं आलीस. पानांवर नको, मुळाशी धर."

ताईंनी पाइप मुळाशी धरला.