जोडविहिरीचा दोष आणि जहाँआराचाची

चांदूर बाजारची जहाँआराचाची गावोगाव बांगड्या भरत फिरते. आमच्या गावात ती आली की बायका हातातलं काम टाकून ओसरीवर जमतात. निम्म्या बांगड्यांसाठी येतात, निम्म्या बातम्यांसाठी. तिच्या पोटात काही राहत नाही, अशी साऱ्या पंचक्रोशीची तक्रार आहे. तक्रार करणाऱ्याच तिला चहा पाजून खोदून खोदून विचारतात, तो भाग वेगळा.

तिची सासू अगदी उलट. बांगडीवालीनं हात हातात घेतला की बाया मन मोकळं करतात. ते ऐकलेलं त्याच ओसरीवर ठेवून उठायचं, हा धंद्याचा रिवाज तिनं जन्मभर पाळला. गावाबाहेरच्या जोडविहिरीत एकमेकांवर जीव लावलेल्या दोन कोवळ्या पोरांनी उडी घेतली, तेव्हाही पाळला. त्या मरणाचा निवाडा आमच्याकडे अजून चालू आहे. कुणी पोरीच्या बापाला दोष देतं, कुणी जातीला, कुणी पोराला. एका म्हाताऱ्यानं तर विहिरीला कठडा नव्हता म्हणून ग्रामपंचायतीलाच धरलं. चाचीचं मात्र ठरलेलं असतं. "सर्वायले ठाऊक होतं. माह्या सासूलेबी. कोणीच बोललं नाई." एरवी सारखी हसणारी बाई, पण हे बोलताना तिचे डोळे भरतात.

मागे खुशालरावांच्या पौर्णिमाचं लग्न अकोल्याला, जठारपेठेतल्या एका दुकानदाराच्या घरी ठरलं. पोरीचा जीव होता गावातल्या, पण जातीबाहेरच्या श्यामवर. साऱ्या बायकांना ते माहीत होतं. फक्त खुशालरावांना नव्हतं, कारण ते घरात कधी कुणाला काही विचारतच नसत. चुडा भरायच्या दिवशी आम्ही ओसरीवर चिवडा खात जठारपेठेचं कौतुक करत बसलो होतो. चाचीनं पौर्णिमाचा हात घेतला आणि हिरवी बांगडी बोटांवर चढवली. तेव्हा पोरगी खाली मान घालून हळूच म्हणाली, "चाची, त्या विहिरीले आता कठडा हाये का?"

चिवडा चावायचा आवाज बंद झाला. चाचीनं बांगडी काढून घेतली, टोपलीवर फडकं टाकलं आणि अंगणातल्या खुशालरावांना हाक मारून अकोल्याच्या पाहुण्यांदेखत सगळं सांगून टाकलं. श्यामच्या नावासकट. खुशालराव लालबुंद झाले. आता लग्न मोडलं तर दोष कोणाचा, असं त्यांनी दरडावून विचारलं.

"माह्यावर टाका, भाऊ," ती म्हणाली. "पोरगी जित्ती हाये, तवरच टाका."

लग्न मोडलं. खुशालराव वर्षभर चाचीला शिव्या घालत राहिले आणि श्यामला चोरून न्याहाळत राहिले. शेवटी पोरगी त्यालाच दिली. चुड्यासाठी मुद्दाम अमरावतीहून दुसरा बांगडीवाला आणला. त्याच्या बांगड्या काही पौर्णिमाच्या हातात चढेनात, तेव्हा झक मारून चाचीलाच बोलावणं गेलं.

आता पौर्णिमा आणि श्याम कडाकडा भांडतात. आवाज थेट खुशालरावांच्या ओट्यापर्यंत येतो. परवा चाची दिसताच त्यांनी तिला अडवलं आणि हे सारं तुझ्यामुळं झालं म्हणून तणतणले. चाचीनं टोपली खाली ठेवली, कान देऊन ते भांडण नीट ऐकलं.

"भांडू द्या, भाऊ," ती म्हणाली. "भांडाले दोघंबी जित्ते लागतात."