बलरामाचा राग

कीर्तनात सुभद्राहरणाचं आख्यान रंगलं की लोक बलरामाला हसतात. बुवाच हसवतात. धाकट्या कृष्णानं आतून सगळं जुळवलेलं, अर्जुन संन्याशाच्या वेषात घरातच येऊन बसलेला, आणि हा भोळा थोरला त्याच्या पाहुणचारात दंग! शनिवार पेठेतल्या देवळात परवा हेच आख्यान लागलं. सगळे हसले, मी नाही. पूर्वी सगळ्यांत मोठ्यानं मीच हसायचो, कारण आमच्या घरातला कृष्ण मी होतो.

आम्ही वारज्याचे. तेव्हा तिथे इमारती नव्हत्या, ज्वारी होती. वडील लवकर गेले आणि दादानं शाळा सोडून नांगर धरला. मी कॉलेजात गेलो, धाकटी बहीण शिक्षिका झाली, ते त्या नांगरावर. दादाचा जीव शेताइतकाच तालमीत. तिथे त्यानं तयार केलेला एक पठ्ठ्या लोणी काळभोरचा होता. घरी बागायत, अंगात ताकद, बुद्धी बेताची. बहीण त्यालाच द्यायची, हे दादानं ठरवून टाकलं. बलरामानंही सुभद्रेसाठी आपला गदेचा शिष्य दुर्योधनच निवडला होता. आपल्या शिष्यात खोट न दिसणं हा गुरूंचा जुनाच आजार.

बहिणीच्या मनात तिच्या शाळेतला एक शिक्षक होता. शनिवार पेठेत भाड्याच्या दोन खोल्या, नावावर गुंठाभर जमीन नाही. ती रडत माझ्याकडे आली. दादाशी बोलून बघू या, असं दोनदा म्हणाली. मी तिला वेड्यात काढलं. दादाचा राग कसा असतो ते मला ठाऊक होतं; बैलाला कुणी जोरात टोचलं तरी तो त्या माणसाच्या अंगावर धावून जायचा. मी दादाला शाळेची सहल आहे म्हणून सांगितलं आणि त्या दिवशी दोघांचं नोंदणी लग्न लावून दिलं. लग्नात नवरीच्या भावानं नवऱ्याचा कान पिळायचा असतो, बहिणीला नीट सांभाळ म्हणून. तोही मीच पिळला, त्या कचेरीत, साक्षीदारांच्या हशात. स्वतःच्या हुशारीवर मी फार खूश होतो.

दादाला कळलं तेव्हा त्यानं समोरचं ताट भिंतीवर भिरकावलं. "तंगडं मोडतो त्याचं," म्हणाला आणि तालमीकडे निघून गेला. बहिणीचं माहेर आता तुटलं, असं मी धरूनच चाललो. तीही तेच म्हणून रडत होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्याकडेच होतो. जिन्यात जड पावलं वाजली आणि दादा दारात उभा राहिला. खांद्यावर ज्वारीचं पोतं, हातात साडीचं पुडकं. मी घाईनं मेव्हण्याच्या पुढे झालो. दार ढकलावं तसं दादानं मला बाजूला सारलं. पोतं उतरवलं, साडी बहिणीच्या हातात दिली आणि विचारलं, "दाजींचा कान कुणी पिळला?"

"मी," मी म्हणालो.

तो खाली बसला. चहा घेतला. दाजींना शाळेचं विचारलं, एकदा हसलाही. बहीण साडी उराशी धरून रडत होती. माझ्याकडे मात्र त्यानं एकदाही पाहिलं नाही.

पुराणातला बलरामही असाच. चिडतो, यादवांना हाका घालतो, आणि कृष्णाच्या चार शब्दांनी निवळून सुभद्रेला हत्ती-घोड्यांचा आहेर पाठवतो. ही कथा मी लहानपणापासून ऐकत आलो, पण तो निवळतो, एवढीच गोष्ट माझ्या कधी ध्यानात आली नव्हती.

दादा निघाला तेव्हा मी त्याच्या मागोमाग जिना उतरलो. खाली आल्यावर धीर करून म्हणालो, "दादा, तुला विचारलं असतं तर तू नाहीच म्हणाला असतास."

"व्हय, म्हनलो असतो की," तो म्हणाला. "दोन दिवस. मग मीच मांडव घातला असता."

एवढं बोलून तो वारज्याच्या वाटेला लागला. त्याच्या दोन दिवसांच्या रागाला मी भ्यालो होतो, आणि तेवढ्यासाठी त्याच्या एकुलत्या एका बहिणीचं लग्न मी त्याला पाहू दिलं नव्हतं.