निवडलेली माती

चहाचा कप हातात आला तोच अक्कांनी विचारलं, "साहेब, मन्ही माटी पास व्हयनी का?"

मी हसून सांगितलं, पहिल्या नंबराने.

पिंपळनेरला शेतकऱ्यांचं ट्रेनिंग आटोपून मी मोटरसायकलवर धुळ्याला परतत होतो. वाटेत आबांचं गाव लागतं. आबा आणि अक्का, दोघांनीही साठी ओलांडलेली. विहिरीखालच्या तीन एकरांत त्यांना लिंबाची बाग लावायची होती. मी माती परीक्षणाच्या लॅबमध्ये नोकरी करतो. त्यांच्या रिपोर्टवर 'लिंबासाठी योग्य' असं लिहून मीच सही केली होती. खड्डे दुसऱ्या दिवसापासून खणायचे होते, रोपं आठवड्यात येणार होती.

अक्का खूश झाल्या. म्हणाल्या, "जशा गहू निवडतस, तशी माटी निवडी मी. बठ्ठा धवळा खडा येची काढात. येक बी ठेवा नही."

मी कप खाली ठेवला.

ते सगळे पांढरे खडे कुठे आहेत विचारलं. अक्कांनी न्हाणीकडे बोट दाखवलं. तिथे चिखल होतो म्हणून त्यांनी ते पसरून टाकले होते. ज्वारीच्या दाण्यापासून बोराएवढे, पांढरेशुभ्र. किती होते? तर तीनपैकी दोन पिशव्यांत निम्म्याहून जास्त तेच होते, असं त्या सहज म्हणाल्या.

फळबागेसाठी माती फुटाफुटाने तीन थरांतून घ्यायची असते. आबांनी तशी ती घेतलीही होती. लॅबमध्ये आम्ही नमुना चाळणीतून काढतो आणि वर उरलेल्या खड्यांची वेगळी नोंद करतो. या नमुन्याचं चाळणीवर काहीच उरलं नव्हतं. आमच्या टेक्निशियनने त्या रकान्यात 'निरंक' लिहिलं. मला तर त्या नमुन्याचं इतकं कौतुक वाटलं, की दोन शेतकऱ्यांना मी तो मुद्दाम दाखवला होता. बघा, नमुना असा आणावा.

हाताशी अ‍ॅसिडची बाटली नव्हती. मी अक्कांकडे एक लिंबू मागितलं. पायरीवर एक खडा ठेचला, त्यावर लिंबू पिळलं. बारीक फेस आला. म्हणजे चुनखडी. चुना जास्त असला की मातीतलं लोह झाडाला मिळत नाही. पानं पिवळी पडतात, नुसत्या शिरा हिरव्या राहतात. त्याला आपल्याकडे केवडा पडणं म्हणतात. लिंबाचं झाड दोन-तीन वर्षं बरं दिसतं. मुळं खालच्या चुन्यात उतरली की वरून वाळायला लागतं. तोवर माझा रिपोर्ट कोण शोधणार?

आबांना सगळं सांगितलं. त्यांनी एक खडा उचलून बोटांत फिरवला. मग म्हणाले, "साहेब, आमनं वय दखा. बाग आते येकदाच लागी."

अक्कांचा चेहरा उतरला होता. "मन्हं काही चुकनं का?"

त्यांनी विचारलं आणि मला आठवलं. आदल्या वर्षी याच गावात मी माईक हातात घेऊन सांगितलं होतं, काडीकचरा, खडे काढून माती अगदी स्वच्छ करून आणा. आमच्या पत्रकातही तसंच छापलेलं होतं. मला म्हणायचं होतं ते वरवर पडलेले दगडगोटे. अक्का पहिल्या रांगेत बसल्या होत्या.

"तुमचं नाही, अक्का. माझं चुकलं," मी म्हणालो.

तिथूनच लॅबच्या साहेबांना फोन लावला. आमचे साहेब कडक, कागदाला कागद लावून चालणारे. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "नमुना सदोष होता असं लिही आणि रिपोर्ट रद्द कर."

"सर, नमुना आपण सांगितला तसाच आणलाय."

आता झाडतात, असं वाटलं. पण ते म्हणाले, "मग नवीन नमुना तू स्वतः काढ. उद्या मी बसून तपासतो. आणि बाईंना म्हणावं, चूक आमची."

हा माणूस असं बोलेल असं मला वाटलं नव्हतं. त्यांच्याबद्दल मी मनात आणि कँटीनमध्ये बरंच वाईट बोललो होतो, ते सगळं त्या क्षणी परत घेतलं.

आबांनी रोपवाल्याला थांबवलं. दुसऱ्या दिवशी मी खोलवरची माती काढायचं गिरमिट घेऊन गेलो. दुसऱ्या फुटालाच चुना लागला, तिसऱ्यात नुसती चुनखडी. साहेबांनी अ‍ॅप्रन चढवून स्वतः टेस्ट केली. रिपोर्ट बदलला. लिंबाच्या जागी सीताफळ लावा असं सुचवलं. चुनखडीच्या हलक्या जमिनीत ते तग धरतं. आबांना सीताफळ फारसं पटलेलं नव्हतं. पण लावलं.

चार वर्षांनी, यंदा फळं धरली. मी मुद्दाम वाट वाकडी करून गेलो. एकाही पानावर पिवळेपणा नव्हता. आबा झाडाझाडापाशी थांबून मला फळं मोजायला लावत होते. मी अक्कांना नमस्कार केला. त्या संकोचल्या, पण मला करायचाच होता. माझी चूक जमिनीत लावली जायच्या आधी त्यांनी ती दाखवून दिली होती, तीही माझा शब्द पाळल्याचं आनंदाने सांगता सांगता.

शेतकरी सांगितलेलं ऐकत नाहीत, अशी तक्रार आमच्या लॅबमध्ये रोज होते. मीही करायचो. ऐकतात हो. शब्द न् शब्द ऐकतात. सांगणाऱ्यानेच जपून सांगावं.