पिंपळपानांचं छत

हिरामण उबाळेची मान चाळिशीच्या आतच आखडली. वर्षानुवर्षं वर बघून काम केल्यावर ती सरळ तरी कशी राहणार? समोरच्याशी बोलताना त्याची हनुवटी वर असायची, आणि ज्यांना कारण ठाऊक नव्हतं त्यांना तो शिष्ट वाटायचा. अंबरनाथच्या वस्तीत पोरं त्याला 'आभाळ्या' म्हणत.

आधी तो एमआयडीसीत रंगाच्या कारखान्यात होता. चौऱ्याऐंशी साली कारखान्याला टाळं लागलं आणि तो उल्हासनगरला, कॅम्प तीनमध्ये, होतचंद नावाच्या ठेकेदाराकडे पीओपीच्या कामाला लागला. कॅम्पातल्या व्यापाऱ्यांना तेव्हा छत सजवायचं वेड लागलं होतं. सिमेंटच्या स्लॅबखाली लाकडी पट्ट्यांचा सांगाडा, त्याला तारेची जाळी, आणि तिच्यावर पांढऱ्याशुभ्र प्लास्टरचं दुसरं छत. मध्ये झुंबर, कडेने वेलबुट्टी. बाकीचे कारागीर साच्यातून काढलेले गुलाब चिकटवून मोकळे होत. हिरामण हाताने घडवायचा. कालवलेलं प्लास्टर बघता बघता दगड होतं. तेवढ्यात, डोक्यावर, लोखंडी पत्तीने एकेक पान उमटवायचं म्हणजे खायचं काम नव्हतं.

सत्त्याऐंशी साली एका कापडवाल्या शेठच्या दिवाणखान्यात त्याने पंख्याभोवती पिंपळपानांचं वर्तुळ केलं. सोळा पानं, टोकं मध्याकडे, आणि एक पान दुसऱ्यासारखं नाही. एखादं मुडपलेलं, एखाद्याचं टोक वाऱ्याने वळल्यासारखं. पिंपळच का, हे त्याला कुणी विचारलं नाही. छप्पन्न साली त्याच्या बापाने दीक्षा घेतली तेव्हापासून घरात बुद्धाच्या तसबिरीला पिंपळाचं एक वाळकं पान खोचलेलं असे. तेच लहानपणापासून त्याच्या डोळ्यांत बसलं होतं.

शेठकडे जो आला तो वर बघत राहिला. मग ज्याला त्याला 'पत्तेवाली सीलिंग' हवी झाली. तीन वर्षं हिरामणला मान खाली करायला फुरसत नव्हती. पण एका खोलीला त्याला दहा दिवस लागत, आणि होतचंदला तेवढा धीर नव्हता.

"हिरामण, एक रबर का साचा बना दे," एके दिवशी तो म्हणाला. "तू अकेला कितने घर करेगा? बोर्ड पे तेरा नाम डालूंगा साईं. तू मिस्त्री नहीं, पार्टनर!"

त्या संध्याकाळी मानेला तेल चोळता चोळता त्याची बायको द्रौपदी म्हणाली, "साचा दिल्यावर तुमचं काय काम उरलं?"

"पार्टनर म्हणतोय तो."

"लिहून दिलंय का?"

"बाजारात शब्द आहे त्याचा. सगळंच काय कागदावर असतं?"

हिरामणने फळीवर आपलं सगळ्यात चांगलं वर्तुळ घडवलं. इतकं देखणं काम त्याच्याकडूनही पूर्वी झालं नव्हतं. होतचंदने त्यावरून साचा काढून घेतला. दोन महिन्यांनी म्हणाला, आता थोडे दिवस घरी बस, काम आलं की बोलावतो. बोलावणं आलं नाही. दुकानावर नवा बोर्ड मात्र लागला. त्यावर होतचंदच्या दोन मुलांची नावं होती.

पानं सगळीकडे पोचली. अंबरनाथच्या दवाखान्यात, बदलापूरच्या मंगल कार्यालयात, सलूनमध्येसुद्धा. लोक त्यांना 'होतचंदची पानं' म्हणायचे. हिरामण भिंतींना डिस्टेंपर मारायचा, आणि एखाद्या घरात वर तीच पानं दिसली की गुमान भिंतीकडे तोंड करायचा.

त्र्याण्णव साली बदलापूरजवळ, खरवईच्या एका नव्या इमारतीत, भरदुपारी, पानांचं अख्खं छत खाली आलं. खाली चामटोली गावची चंद्री फरशी पुसत होती. घरकामाला यायची ती तिथे. तिच्या उजव्या खांद्याचा चुरा झाला.

आणि मग होतचंदला हिरामणची आठवण झाली. चौकीत त्याने सांगितलं, "डिझाइन उसका. साचा भी उसीने बनाया. मार्केट में किसी से भी पूछो."

हिरामणला बोलावून हवालदार जागेवर घेऊन गेला. राडारोडा गॅलरीत लोटून ठेवला होता. हिरामणने त्यातला एक तुकडा उचलून मोडला. सहज मोडला.

"साहेब, हे बघा. आत काथ्या नाही. नारळाचा काथ्या घातला नाही तर प्लास्टर म्हणजे नुसतं बिस्कीट. वर तारेनं बांधलेलं पण नाही, चिकटवून दिलंय. मी असलं काम कधी केलं नाही."

"पण डिझाइन तुझं ना?"

"डिझाइन माझं."

हवालदाराने तेवढंच लिहून घेतलं.

प्रकरण पुढे गेलं नाही; फ्लॅटवाल्याने आणि होतचंदने आपसांत मिटवलं. पण बाजारात बोललं गेलं ते गेलंच. 'हिरामणचं छत पडलं.'

महिनाभराने तो चामटोलीला निघाला. द्रौपदीने अडवलं, "तुम्ही गेलात तर गुन्हा कबूल केल्यासारखं होईल." तरी तो गेला. चंद्री ओट्यावर बसली होती, हात गळ्यात बांधलेला. त्याने तिला सगळं सांगितलं, साच्याचं, काथ्याचं, तारेचं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"तू बांदलं नाय," ती म्हणाली, "मंग तू कशाला आलास?"

"पानं माझी होती."

"अंगावर पडली तवा मी पानं नाय बगितली. माजा हात गेला. भातलावनीला आता मला कोन बोलवल?"

तो उठला. रस्त्याला लागल्यावर त्याला आधी तिचाच राग आला. 'तुझा दोष नाही,' एवढं एक वाक्य बोलली असती तर तिचं काय गेलं असतं? बदलापूर येईपर्यंत तो राग उतरला, आणि आपण तिला भेटायला नव्हे, तिच्याकडून ते वाक्य मागायला गेलो होतो, हे त्याच्या ध्यानात आलं. त्याची त्याला लाज वाटली.

शहाण्णव साली वस्तीतल्या नव्या विहाराचा स्लॅब घालून झाला. हिरामण आपणहून कमिटीच्या शंकररावांकडे गेला.

"छत मी करतो. मजुरी नको. एकेक पान हातानं करीन."

शंकररावांनी चष्मा काढून पुसला. "तुझ्या हाताबद्दल शंका नाही रे. पण खाली बायका, लेकरं बसणार. त्या खरवईच्या प्रकरणापासून लोक घाबरतात."

"ते माझं काम नव्हतं. तुम्हाला तर ठाऊक आहे."

"मला आहे. पण सगळ्यांना कुठे सांगत बसू?"

विहारात थर्माकोलचे चौकोन बसवले. वर्षभरात ते पिवळे झाले. बुद्धपौर्णिमेला द्रौपदी आत जाऊन वंदना करून यायची. हिरामण बाहेर चपलांपाशी उभा राहायचा.

त्यानंतर दोनेक वर्षांनी होतचंदचा थोरला मुलगा घरी आला. बाप वारला होता आणि रबर झिजून पानांच्या कडा बोथट झाल्या होत्या.

"चाचा, नया साचा चाहिए. आपके जैसा हाथ किसी का नहीं."

"नाही करणार."

"क्यों, चाचा?"

"नाही."

मुलगा स्कूटर चालू करून गेला. पुढे त्यांनी कुठून तरी द्राक्षांच्या घडांचा साचा आणला म्हणे. गिऱ्हाइकांना फरक पडला नाही.

तो गेल्यावर द्रौपदी आतून बाहेर आली. साचा देऊ नका म्हणणारी तीच होती. पण हिरामणला त्या पावसाळ्यात रंगाचं काम मिळालं नव्हतं आणि ती दोन घरची धुणी धरून होती.

"तेव्हा नाही म्हणायचं होतं," ती म्हणाली. "आता कुणासाठी म्हणालात?"

ती पुन्हा आत गेली, आणि त्या संध्याकाळी त्याच्या मानेला तेल चोळायला आली नाही.