सुजलेला अंगठा आणि कोलंबी

फेब्रुवारी १९९५, रविवारची सकाळ. कोलंबीच्या वाट्याचा भाव तीस रुपये. हजर तिघे: माझा पेणचा शेजारी, मासळीवाली मावशी आणि मी.

शेजारी डोलवीच्या कंपनीत कंत्राटी कामाला होता. त्याच्या पायाचा अंगठा लिंबाएवढा सुजला होता. युरिक अ‍ॅसिड वाढलं म्हणून डॉक्टरांनी मासळी-मटण बंद करायला सांगितलं होतं, आणि आणखी चार शिफ्ट बुडल्या तर काम जाणार होतं.

मी जन्माचा शाकाहारी, म्हणून सगळ्या सबबी तो मलाच सांगे. सांगण्याआधी बनियनला चष्मा पुसायचा.

"भाऊ, जीव तर भेंडीला पण असतो."

"मग भेंडी पण सोड."

"आणि पाहुणा आला तर वरणभात वाढू? इज्जत हाय माझी!"

महिनाभरात मी अकरा सबबी मोजल्या. बारावी त्या दिवशी त्याच्या घराच्या ओट्यावर, मावशीसमोरच निघाली. "मी सोडली तर हिनं खायाचं काय?"

मावशीनं गळ्यातली तुळशीची माळ पुढे केली. "मीच नाय खात रं, तीन वर्सं झाली. तुझ्या एका वाट्यावर काय माझं घर चालतं? पाय बघ आधी तुझा."

त्यानं चष्मा पुसला. मला वाटलं, सुटला एकदाचा.

"म्हणजे मावशे, तू चाखतच नाय! मग माल चांगला हाय की नाय, ते कोणीतरी बघायला नको?"

वाटा घेतला. पाकीट आत कपाटात होतं आणि त्याला उठता येईना. तो माझ्याकडे बघत राहिला.

मावशीला तीस रुपये मी दिले.